यामिनीच्या गळ्यावरचा ओघळ

१

किंकाळी ऐकू आली तेव्हा विद्युलताबाई रणदिवे प्रेक्षकांत बसल्या होत्या आणि शेजारी नारायणस्वामी राव आपल्या लेकीचं कौतुक करत होते.

"अक्का, तुमी बघाच आतां. कीर्तनाचं काम पाहून भयही वाटेल आणि नजरही हलायची नाही," ते म्हणाले, आणि त्याच क्षणी पडद्यामागून तो आवाज आला.

चेन्नईत गिंडीच्या त्या हॉलमध्ये रविवारी 'रूपमेघ' या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने मेकअपची स्पर्धा ठेवली होती. विषय होता व्हॅम्पायर. मात्र कंपनीला स्मशानातलं भूत नको होतं. रक्त पितानाही राणीसारखी दिसेल अशी बाई हवी होती. धुरकट जांभळे डोळे, गालफडांखाली खोल सावली, पिकल्या जांभळासारखे ओठ. कंपनीचा 'रक्तमोहिनी' नावाचा नवा ओठांचा रंग शुक्रवारी बाजारात येणार होता आणि ही स्पर्धा त्याचीच दवंडी होती. हॉलच्या दारात रक्तमोहिनीचं भलंमोठं पोस्टर लावलं होतं. त्यावर ओठांतून रक्ताचा ओघळ गळ्यापर्यंत उतरलेली कंपनीची मॉडेल यामिनी होती.

आणि आता तीच यामिनी पडद्यामागे किंचाळत होती.

नारायणस्वामी धावले. त्यांच्यामागून विद्युलताबाई. आयुष्य रेल्वेच्या दक्षता विभागात गेलेलं. गोंधळातून वाट काढायची त्यांना सवय होती. आत यामिनी खुर्चीत वाकून बसली होती. तोवर कोणीतरी तिचा मेकअप पाण्याने खसाखसा धुऊन काढला होता, तोंडावर ओला टॉवेल दाबला होता. टॉवेलखाली गळ्याची उजवी बाजू दिसत होती. हनुवटीपासून गळ्याच्या हाडापर्यंत पाणी भरलेल्या फोडांची एक वाकडी रेघ उतरली होती. ओघळच तो, फक्त रंगाचा नव्हे.

"काय मिसळलंस त्या रक्तात?" कंपनीची व्यवस्थापक नीलम देशमाने कीर्तनावर ओरडत होती. आजूबाजूला धावून आलेल्या प्रेक्षकांचे मोबाइल वर झाले होते.

"मध, बीट आणि कोको, मॅडम. मी स्वतः चाखलं! आणि मी ओघळ डावीकडे काढला होता, हे फोड तर..."

"डावीकडे?" नीलमने कीर्तनाच्याच हातातला मोबाइल ओढून घेतला. आत मेकअप पूर्ण झाल्यावर चोरून काढलेला दोघींचा सेल्फी होता. मेकअप चालू असताना पडद्यामागच्या बाकी सगळ्यांचे फोन दारात जमा होते. त्या मेकअपमधला यामिनीचा दुसरा फोटो कुठेच नव्हता.

नीलमने तो सगळ्यांना दिसेल असा उंच धरला. फोटोत ओघळ यामिनीच्या उजव्या बाजूला होता.

"मुलीचा चेहरा जाळलास, वर खोटं बोलतेस? चल, बाहेर हो!"

कीर्तना स्वतःच्याच फोटोकडे बघत राहिली.

२

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो व्हिडिओ चेन्नईभर फिरला होता. कीर्तनाला धरून बाहेर काढताना, मागे यामिनीचा कण्हण्याचा आवाज. खाली लोकांनी लिहिलेलं वाचवत नव्हतं. लग्नाच्या हंगामातल्या नवऱ्यामुलींनी एकामागून एक काम रद्द केलं. संध्याकाळी कंपनीने आणखी एक घाव घातला. कीर्तनाच्या रक्ताच्या बाटलीची तपासणी झाली होती आणि त्यात मिरचीचा जहाल अर्क सापडला होता. जाहीर माफी मागितली नाही तर पोलिसांत तक्रार होणार होती.

पेरांबूरच्या त्या इमारतीत नारायणस्वामींचं घर विद्युलताबाईंच्या घराच्या बरोबर खाली. दोघांनी रेल्वेत एकत्र नोकरी केलेली. बाई सोलापूरच्या, बदलीवर मद्रासला आल्या आणि इथल्याच झाल्या. नारायणस्वामींचं घराणं मात्र तंजावूरचं, कैक पिढ्यांपासून तमिळ मुलखातलं. त्यांची मराठी जुन्या पोथीसारखी, तिला तमिळची चाल.

"अक्का, माझी लेक खोटी न्हवे," ते म्हणाले. "माफी माग म्हणतात. न केल्याची माफी कशी मागायची हो?"

"मागायची नाहीच." विद्युलताबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती, पण राग आला की त्यांचा आवाज उलट खाली जायचा. "कीर्तना, रडणं थोडा वेळ बाजूला ठेव. नीट आठवून सांग. यामिनी तुझ्यासमोर आली तेव्हा तिची कातडी कशी होती?"

"दिसलीच नाही, मावशी. सगळ्या मॉडेल कंपनीच्या, आणि अंगावरचा पांढरा थर त्यांनीच देऊन पाठवायचा असा नियम होता. तिला तर मानेपर्यंत जाड थर होता. मी म्हटलं, एवढा कशाला? ती नुसती हसली. ती माझी कॉलेजची मैत्रीण, मावशी. मॉडेल म्हणून तीच मला मिळाली म्हणून आम्ही उड्या मारल्या होत्या."

"आणि रक्त?"

"तेच रक्त मी तिच्या दातांनाही लावलं. मिरची असती तर ती तेव्हाच ओरडली नसती का?"

"हे कोणाला सांगितलंस?"

"सगळ्यांना. पण फोटो बघितल्यावर कोण ऐकतंय? मला पक्कं आठवतं, मी डावीकडे काढला. पण फोटोत उजवीकडे आहे. आता मलाच माझा भरवसा वाटेना."

विद्युलताबाईंनी मोबाइल हातात घेतला. दोघी गाल लावून हसत होत्या. कीर्तनाचं काम खरोखर देखणं होतं. यामिनी भयंकर आणि मोहक, दोन्ही दिसत होती. डाव्या नाकपुडीत बाईंच्या स्वतःच्या चमकीसारखीच बारीक हिऱ्याची चमकी. आणि उजवीकडे तो ओघळ.

फोटो खोटं बोलत नाही, असं त्यांना नोकरीत नेहमी सांगितलं जायचं. मग ही पोरगी खोटं बोलत होती का?

३

रूपमेघचं ऑफिस हॉलच्याच मागच्या इमारतीत होतं. जाताना बाई हॉलच्या दारापाशी थांबल्या. परवाचं पोस्टर तिथे नव्हतं. भिंतीवर चिकटपट्टीचे चार तुकडे तेवढे उरले होते आणि एका तुकड्याखाली फाटलेल्या कागदाचा काळा कोपरा. घाईघाईने ओढून काढलेलं.

नीलम देशमाने नाशिकची. टापटीप, बोलण्यात साखर.

"मॅडम, तुम्ही मोठ्या आहात म्हणून बोलते. मलाही त्या मुलीचं वाईट वाटतं. पण स्वस्तातलं काहीतरी मिसळायचं आणि दुसऱ्याच्या चेहऱ्याशी खेळायचं, हे कसं चालेल? तिने शुक्रवारी सगळ्यांसमोर माफी मागावी. मी तक्रार करणार नाही."

"शुक्रवारी तर तुमच्या रंगाचं उद्घाटन आहे."

"तेव्हाच बातमीदार येतील ना. लोकांच्या मनातली शंका एकदाची जाईल."

"दारातलं पोस्टर का काढलंत?"

नीलमने पापणीही लववली नाही. "यामिनी हॉस्पिटलमध्ये आहे. तिचा चेहरा जाहिरातीत मिरवणं बरं दिसत नाही. नेटवरूनही उतरवलंय आम्ही."

केवढी ही माया, बाई मनात म्हणाल्या. हॉस्पिटलमध्ये नीलम यामिनीला भेटायला एकदाही गेली नव्हती, हे त्यांनी आधीच विचारून घेतलं होतं.

कंपनीचा मुख्य मेकअपवाला आणि स्पर्धेचा परीक्षक क्षितिज सरनाईक बाजूच्या खोलीत होता. पुण्याहून येऊन त्याला फार दिवस झाले नव्हते. चेन्नईच्या त्या घामट दुपारीही त्याने दोन्ही हातांत काळे मोजे चढवले होते.

"स्टाइल आहे," बाईंची नजर बघून तो घाईने म्हणाला.

"असेल. पांढरा थर तुम्हीच दिलात ना मॉडेलना?"

"माझ्या टीमने."

"यामिनीला?"

"मी. पण त्या थराने काही झालं नाही. सगळ्यांना तोच थर होता, बाकी कोणाला काही झालं का?"

"नाही. खरं आहे." बाई उठल्या. "कीर्तनाचं काम कसं वाटलं तुम्हाला? परीक्षक म्हणून विचारते."

क्षितिजने पहिल्यांदा वर पाहिलं. "सगळ्यांत चांगलं तिचंच होतं," तो हळूच म्हणाला आणि कॉफीचा कप उचलायला गेला. कप बोटांतून निसटला. गरम कॉफी हातावर सांडली तसा त्याने कळवळून मोजा ओढून काढला, आणि क्षणात हात पाठीमागे नेला.

पण बाईंना दिसायचं ते दिसलं होतं. त्याच्या बोटांच्या टोकांवर पाण्याने टरारलेले फोड होते.

४

ज्याच्या बोटांवर विष, त्यानेच ते लावलं. हिशोब सरळ होता. इतका सरळ की बाईंना तो पटेना. यामिनीला इजा करून क्षितिजला काय मिळणार होतं? आणि विष लावणारा माणूस स्वतःच्या उघड्या बोटांनी कशाला लावेल?

फायदा झाला होता तो एकाच व्यक्तीचा. कीर्तना बाद झाल्यावर स्पर्धा जिंकली होती संयुक्ताने. तिचं टेबल कीर्तनाच्या टेबलाला लागून होतं. बाई तिच्या अण्णानगरच्या पार्लरमध्ये गेल्या तेव्हा ती एका गिऱ्हाइकाच्या भुवया कोरत होती. गिऱ्हाईक जाईपर्यंत तिने बाईंना थांबवून ठेवलं. मग तमिळमध्ये तिने तोफ डागली.

"मला माहीत आहे तुम्ही का आलात. सगळे तेच म्हणतात. मी तिच्या बाटलीत मिरची घातली, मी जिंकले. अम्मा, ती ट्रॉफी मी कपाटाच्या तळाशी कोंबून ठेवली आहे. अशी जिंकून कोणाला तोंड दाखवू?"

"मग तू काय पाहिलंस ते सांग."

"यामिनी माझ्या शेजारी बसली होती. मेकअप सुरू व्हायच्या आधीपासून ती मान खाजवायला हात न्यायची आणि मध्येच थांबायची. मला वाटलं, थर बिघडेल म्हणून थांबते."

"मेकअपच्या आधीपासून? नक्की?"

"नक्की. आणि दुसरं. कीर्तनाला बाहेर काढल्यावर तिची पेटी तिथेच राहिली होती. बाटली बूच लावून आत, मी स्वतः पाहिली. नीलम मॅडम पेटी उचलून आपल्या खोलीत घेऊन गेल्या. एकट्या. तपासणीला बाटली गेली ती तिथून."

"हे तू कोणाला बोलली नाहीस?"

संयुक्ताने मान खाली घातली. "मी जिंकले होते, अम्मा. माझं कोण खरं मानणार?"

बाई बाहेर पडल्या. बाटलीत मिरची कोणी घातली असेल ते आता दिसू लागलं होतं. पण मिरची नंतर पडली असेल, तर फोड आले कशाने? आणि तो फोटो?

५

हॉस्पिटलमध्ये यामिनी भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाईंनी कीर्तनाचं नाव काढताच तिचे खांदे हलले.

"मला काही आठवत नाही."

"तुला विचारायला मी आलेच नाही. तुला बघायला आले," बाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. "पाणी देऊ?"

पाण्यासाठी यामिनी वळली. तिने हात पुढे केला तेव्हा मनगटावर काहीतरी दिसलं. फिकट पांढरट रेषांची वेल, पानं, कळ्या. गोंदण नव्हे. कातडीचाच रंग गेलेला, नक्षीच्या आकाराने.

"हे कशाने?"

"काळी मेंदी. बहिणीच्या लग्नात लावली होती. दोन-तीन दिवसांनी फोड आले."

"लावल्याबरोबर नाही?"

"नाही. नंतर." एवढं बोलून ती दचकली, जणू जीभ चावली.

तिने ग्लास तोंडाला लावला. खिडकीतला उजेड चेहऱ्यावर आला आणि नाकातली चमकी लकाकली. बाई त्या चमकीकडे बघतच राहिल्या. चमकी उजवीकडे होती.

अर्थातच उजवीकडे! इथल्या बायका नाकातली मूक्कुत्ती उजवीकडे घालतात. इतकी वर्षं या शहरात राहून रोज बघत होत्या त्या. पण फोटोत ती डावीकडे दिसली आणि बाईंना काहीच खटकलं नाही, कारण त्यांच्या स्वतःच्या नाकात ती डावीकडेच होती.

बाहेर येऊन त्यांनी कीर्तनाला फोन लावला. "तुझ्या फोनमध्ये सेल्फी आरशासारखा येतो का ग? उजवं डावीकडे, डावं उजवीकडे?"

पलीकडून कीर्तना ओरडलीच. "हो, मावशी. हो! माझ्या लक्षातच..."

"फोटोत ओघळ चमकीच्या पलीकडच्या बाजूला आहे. फोड चमकीच्याच बाजूला आहेत. तुझा ओघळ फोडांच्या जागी नव्हताच. तू डावीकडेच काढला होतास, पोरी."

त्वचेच्या डॉक्टर वसंता जिन्यातच भेटल्या. पेशंटबद्दल एक अक्षर सांगणार नाही, असं त्यांनी आधीच बजावलं.

"नका सांगू. सगळ्यांना लागू होईल असं सांगा. मिरचीने फोड येतात का?"

"मिरचीची आग लगेच होते. असे पाण्याचे फोड सहसा येत नाहीत."

"आणि काळ्या मेंदीने?"

डॉक्टरांनी बाईंकडे निरखून पाहिलं. "त्यात पुष्कळदा केस रंगवायचं द्रव्य घालतात. ते कातडीवर लावायचं नसतंच. एकदा बाधलं की शरीर विसरत नाही. पुन्हा लागलं तर दोन-तीन दिवसांत उसळून येतं. केस रंगवणाऱ्या पार्लरवाल्यांच्या बोटांनाही होतं."

बाई जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. रविवारी फोड फुटले. म्हणजे जे काही झालं ते त्याआधीच्या गुरुवारी किंवा शुक्रवारी झालं होतं. त्या दिवशी यामिनीच्या गळ्यावर उजवीकडे दुसरा कोणाचा तरी ओघळ होता.

६

"अक्का, त्या पोस्टराचा फोटो कोणाच्या तरी फोनांत असेलच की," नारायणस्वामी म्हणाले.

"असेल. पण फोनमधल्या फोटोने एकदा फसवलंय. मला छापलेला कागद हवा. दाराचं काढलं, नेटवरून काढलं. पण कंपनीचं गिऱ्हाईक कोण? कमावत्या पोरी. त्या कुठे असतात?"

"सिरुसेरी," कीर्तना म्हणाली. "आयटी पार्क."

तिघं टॅक्सीने निघाले. जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर ऊन नुसतं ओतत होतं. एकेका बसथांब्यावर त्यांनी मान काढून पाहिलं. बहुतेक ठिकाणी ताजा पांढरा कागद चिकटवलेला. नीलमची माणसं आधीच फिरून गेली होती. पण आयटी पार्कच्या आतल्या वळणावरचा एक थांबा त्यांच्या नजरेतून सुटला होता. मागच्या बाजूचं पोस्टर तसंच होतं, कोपऱ्यावर पानाची पिंक पडलेली.

यामिनी हसत होती. नाकात उजवीकडे चमकी. त्याच बाजूने ओठांच्या कोपऱ्यातून काळसर लाल ओघळ हनुवटीवर आला होता, गळ्यावर किंचित वाकला होता आणि हाडापाशी थांबला होता. खाली अक्षरं होती: रक्तमोहिनी. तीन दिवस न उतरणारा रंग.

कीर्तनाने दोन्ही हात तोंडावर घेतले.

"हाच," ती म्हणाली. "हाच आकार. मावशी, फोड असेच वळले आहेत."

विद्युलताबाईंना हॉलमधली नीलम आठवत होती, बोट रोखून किंचाळणारी. तेव्हाच तिला सगळं ठाऊक होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात हे त्यांनी नोकरीत पुष्कळ पाहिलं होतं, पण इथे सुळी उभारणाराच चोर होता. शिवाय शुक्रवारी याच रंगाच्या बाटल्या दुकानादुकानांत जाणार होत्या.

त्यांनी नीलमला फोन लावला. आवाज अगदी मऊ होता.

"कीर्तना येईल शुक्रवारी. जे बोलायचं ते सगळ्या बातमीदारांसमोर बोलेल."

७

शुक्रवारी सकाळी त्याच हॉलमध्ये खुर्च्या भरल्या होत्या. स्टेजवर रक्तमोहिनीच्या बाटल्यांची रास. नीलमने माइकवर सांगितलं की एक चुकलेली मुलगी माफी मागायला आली आहे आणि कंपनीचं मन मोठं आहे.

कीर्तना माइकपाशी गेली. "मी बोलेन. आधी माझ्या मावशी बोलतील," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

नीलम पुढे सरसावली, पण कॅमेरे सुरू होते. विद्युलताबाई स्टेजवर चढल्या. नारायणस्वामींनी बसथांब्यावरून आयटी पार्कवाल्यांच्या परवानगीने सोडवून आणलेलं पोस्टर उलगडलं.

"फार वेळ घेत नाही," बाई तमिळमध्ये म्हणाल्या. "हा कीर्तनाचा सेल्फी. हे पोस्टर. यामिनीच्या नाकातली चमकी बघा, बाकी काही बघू नका. सेल्फीत ओघळ चमकीच्या पलीकडे आहे. पोस्टरवर चमकीच्या बाजूला आहे. आणि फोड कुठे आहेत ते तुम्ही सगळ्यांनी व्हिडिओत पाहिलंय."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. लोक आपापल्या फोनमध्ये तो व्हिडिओ शोधू लागले.

"फोड कीर्तनाच्या रक्ताचे नाहीत. ते या पोस्टरच्या ओघळाचे आहेत. हा ओघळ रक्तमोहिनीचा आहे, आणि तिच्यात काळ्या मेंदीसारखंच केस रंगवायचं द्रव्य असणार. फोटो काढले तेव्हा काही झालं नाही, कारण ते द्रव्य दोन-तीन दिवसांनी उसळतं. शनिवारी यामिनीला खाज सुटली असणार. तिने कंपनीला सांगितलंही असणार. म्हणून रविवारी मानेपर्यंत जाड पांढरा थर. दिव्यांच्या उष्णतेत ते फुटलं, तेव्हा दोष द्यायला समोर एक पोरगी उभी होती."

"बाटलीत मिरची सापडली आहे!" नीलम ओरडली. "लॅबचा अहवाल आहे माझ्याकडे!"

"अहवाल खरा आहे. पण तेच रक्त यामिनीच्या दातांना लावलं होतं आणि तिच्या तोंडात एक फोड नाही. मिरची नंतर पडली. पेटी तुम्ही एकट्याच खोलीत घेऊन गेला होता."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते." मागच्या रांगेतून संयुक्ता उठली. "मी पाहिलं. मी आधी बोलले नाही, ती माझी चूक."

नीलम हसली. सुंदर, थंड हसू. "जिला दुसरीच्या जागी ट्रॉफी मिळाली, तिची साक्ष. आणि आमच्या रंगाने फोड येतात याला पुरावा काय? एका मॉडेलची कातडी?"

विद्युलताबाई वळल्या. स्टेजच्या कडेला क्षितिज उभा होता.

"दोन माणसांची," त्या मराठीत, फक्त त्याला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या. "पोस्टरचा मेकअप तुम्ही केलात. बोटांनी. मी तुमचे हात सगळ्यांना दाखवायला लावणार नाही. पण या बाटल्या आज दुकानांत जातील, क्षितिज."

त्याने एक मोजा काढला, दुसरा काढला आणि दोन्ही हात कॅमेऱ्यांसमोर धरले.

"मी त्यांना शनिवारीच सांगितलं होतं," तो म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "नीलम मॅडमना. म्हटलं, रंगात गडबड आहे, माल थांबवा. त्या म्हणाल्या, नोकरी हवी असेल तर मोजे घाल."

त्यानंतर हॉलमध्ये कोणाचा कोणाला मेळ राहिला नाही. नीलम मागच्या दाराकडे वळली, पण तिथेही कॅमेरेच होते.

८

डॉक्टर वसंतांनी औषध नियंत्रण खात्याला कळवलं होतं. रक्तमोहिनीच्या बाटल्या गोदामातून हलल्याच नाहीत. नीलमवर गुन्हा दाखल झाला. कंपनीने मात्र आपल्या पानावर चार ओळी टाकल्या: 'झालेल्या गैरसमजाबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' सोबत कीर्तनाला निरोप आला, आमच्या जाहिरातींचं काम तुम्हीच करा.

"गैरसमज!" विद्युलताबाई कडाडल्या. या वेळी आवाज खाली गेला नाही. "पोरीला जगासमोर गुन्हेगार ठरवलं तेव्हा गावभर बोंब, आणि आता चार ओळींत गैरसमज?"

कीर्तनाने निरोपाला उत्तर दिलंच नाही. ती हॉस्पिटलमध्ये गेली. बाई बरोबर होत्या, पण दारातच थांबल्या.

यामिनीने तिला पाहिलं आणि ती रडू लागली. "त्यांनी लिहून घेतलं होतं ग. तोंड उघडलं तर पुढे कुठेच काम मिळू देणार नाही म्हणाले. माझा चेहराच गेला होता, मला वाटलं, निदान..."

"मला धरून बाहेर काढत होते तेव्हा तू तिथे होतीस," कीर्तना म्हणाली. "टॉवेलखाली. तुला ऐकू येत होतं."

"हो."

"माझे अप्पा तीन दिवस जेवले नाहीत."

यामिनीने चादरीचं टोक डोळ्यांना लावलं.

"मी तुला आज माफ करणार नाही," कीर्तना म्हणाली. "पुढे करेन की नाही, तेही माहीत नाही. पण सोमवारी औषध खात्याचे साहेब तुझा जबाब घ्यायला येणार आहेत. कंपनीचा वकीलही येईल. तो तुला घाबरवेल."

"मला जमणार नाही, कीर्तना."

"जमेल." कीर्तनाने खुर्ची ओढली आणि पलंगाला लावून ठेवली. "मी इथे बसणार आहे. तू सगळं सांगून होईपर्यंत उठणार नाही."